भाऊसाहेबांचा तोतया आणि कुलाब्याचा किनारा : ओळखीचा एक ऐतिहासिक प्रश्न

सदाशिवराव भाऊंच्या तोतयाचे प्रकरण आपल्या इतिहासग्रंथांत बहुधा एका परिच्छेदात आटोपले जाते. बारभाईंच्या कारस्थानाचे वर्णन चालू असता मध्येच एक भामटा उभा राहतो, काही महिने कोकणात धुमाकूळ घालतो, पकडला जातो, ठार मारला जातो. आणि लेखक पुन्हा पुरंदरच्या तहाकडे वळतो. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने या प्रसंगाला महाराष्ट्रात नवे आयुष्य दिले हे खरे. परंतु नाटकामुळे तोतया रंगभूमीवर जो गेला तो तेथून अभ्यासकाच्या मेजावर पुरतेपणी परत आला नाही, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. तो खरा भाऊ होता की काय, हा प्रश्न आता कोणी गांभीर्याने विचारीत नाही व विचारण्याचे कारणही नाही. प्रस्तुत लेखात विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. ज्या माणसाला पुण्यात एकदा चौकशी होऊन खोटा ठरविण्यात आले होते, त्याच माणसाला १७७६ साली कोकणाने काही काळ खरा का मानले? आणि ‘हा तो नव्हे’ हे अखेर ठरले ते कशाच्या आधारावर? या दोन प्रश्नांचा मागोवा घेताना पेण आणि रोहे ही दोन गावे वारंवार वाटेत येतात.

प्रथम मुळाकडे पाहिले पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणात भाऊसाहेब दिसेनासे झाले. विश्वासराव पडल्यावर ते हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले व गर्दीत शिरले, येथपर्यंतचा वृत्तांत साधारणतः एकमताने मिळतो. पुढे काय झाले हे सांगणाऱ्यांत सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार काशीराज पंडित होय. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी असल्यामुळे युद्धानंतर प्रेतांच्या शोधात प्रत्यक्ष हजर होता. त्याच्या कथनाप्रमाणे एक शिरविरहित धड सापडले व ते भाऊंचे असल्याचे शरीरावरील खुणांवरून ठरविण्यात आले. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर मुजफ्फरखानाच्या मारेकऱ्याने केलेल्या कट्यारीच्या वाराचा व्रण आणि तळपायावरील पद्माची रेघ अशा त्या खुणा होत्या. धडाला अग्नी देण्यात आला. शीर मागाहून मिळाल्याचे सांगितले जाते. पुराव्याच्या दृष्टीने ही साक्ष हलकी नाही. त्या काळच्या कोणत्याही न्यायसभेने ती ग्राह्य मानली असती. पण ती साक्ष फार्सी भाषेत, परमुलखात, शत्रुपक्षाच्या छावणीत घडलेली होती. आणि पुण्यास जे कळले ते एवढेच की, ज्याचे मुख कोणी ओळखीच्या माणसाने पाहिले नाही असे एक धड जाळण्यात आले. तोतया शिरला तो या फटीतून. जेथे चेहरा नाही तेथे दुसरा चेहरा बसविण्यास जागा राहते.

अशी फट केवळ भाऊंच्याच बाबतीत राहिली असे नव्हे. पानिपतावर गेलेल्या असंख्य माणसांची निश्चित बातमी घरी कधीच पोचली नाही. स्वतः नाना फडणिसांची आई त्या धुमाकुळात नाहीशी झाली. उत्तरेकडून पाचसहा वर्षांनीही एखादा जखमी शिपाई भिक्षा मागत परत येई, आणि मग शेजारच्या घरातील आशा पुन्हा जागी होई. हरियाणातील रोहतकजवळच्या सांघी गावी भाऊ साधू होऊन राहिले अशी आख्यायिका आजही सांगतात. तिला इतिहासात स्थान नाही. पण ती ज्या मनःस्थितीतून निघाली त्या मनःस्थितीला मात्र इतिहासात स्थान आहे.

बुंदेलखंडातील एक कनोजी ब्राह्मण अशा वेळी पुढे आला. साधनांत त्याची सुखनिधान, सुखलाल अशी नावे आढळतात. भाऊंशी त्याचे रूपसादृश्य होते, आणि तेवढ्या भांडवलावर त्याने उत्तरेत आपला बोलबाला करून घेतला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्याला धरून पुण्यास आणले, चौकशी झाली, तो तोतया ठरला, आणि त्याला ठार न मारता निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेत ठेवण्यात आले. ही दया होती की धोरण होते, याविषयी मतभेद संभवतो. मला हे धोरणच वाटते. मारून टाकलेला तोतया हा पुढे ‘मारून टाकलेला भाऊ’ ठरण्याचा संभव होता. जिवंत तोतया लोकांना दाखविता येतो. परंतु कैदी जिवंत ठेवणे म्हणजे त्याची किंमत कोणाच्या तरी हाती शिल्लक ठेवणे, हा या धोरणातील दोष दहा वर्षांनी उघड झाला.

१७७६ साल उजाडले तेव्हा पुण्याची अवस्था काय होती हे ध्यानी घेतल्याखेरीज पुढचे काहीच समजणार नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, आणि बारभाईंनी त्या अर्भकाच्या नावाने राज्य चालविले. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी व ठाणे घेतले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. म्हणजे गादीवर दोन वर्षांचे मूल, त्याच्या जन्माविषयी विरोधकांनी उठविलेल्या शंका, हक्क सांगणारा चुलत आजोबा परक्यांच्या आश्रयाला, आणि कारभार कारभाऱ्यांच्या हाती, अशी स्थिती होती. अशा वेळी पेशव्यांच्या घराण्यातील एक प्रौढ, पराक्रमी, सर्वांना वंदनीय पुरुष जिवंत आहे असे कळणे म्हणजे केवळ चमत्कार नव्हता. तो एक राजकीय पर्याय होता. भाऊ असते तर त्या वर्षी शेहेचाळीस वर्षांचे असते. कारभार हाती घेण्यास याहून योग्य वय कोणते?

रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने हा पर्याय ओळखला. तोतया त्या वेळी रत्नागिरीस त्याच्याच ताब्यात होता. १७७६ च्या आरंभी त्याने त्याला बंदीतून काढून भाऊसाहेब म्हणून जाहीर केले. त्यानंतरचे यश विस्मयकारक होते. किल्ल्यामागून किल्ले त्याच्या स्वाधीन झाले, शिबंदी येऊन मिळाली, आणि पावसाळा संपताच त्याची फौज उत्तर कोकणातून बोरघाटाच्या तोंडाशी येऊन ठेपली. पुण्याच्या दारात येईपर्यंत हे बंड कोणी रोखू शकले नाही.

या यशाचे कारण कोकणी माणसाचा भोळेपणा, असे मानून पुष्कळ लेखक मोकळे होतात. हे उत्तर सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. किल्लेदार भोळे नसतात. ज्याच्या हाती दरवाजाच्या किल्ल्या आणि दारूगोळ्याची कोठी असते, तो दारापुढे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा पाहत नाही. त्याच्यामागे किती माणसे आहेत आणि थकलेला पगार कोण देणार हे पाहतो. सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. रत्नागिरीच्या सुभ्याचा वसूल आणि बंदरांची जकात हाती आल्यामुळे या सोंगाला पैसाही मिळाला होता. ज्याच्याजवळ नाव आहे आणि रोकडही आहे, त्याला खरे-खोटे विचारण्याची गरज शिबंदीला भासली नाही. दुसरे असे की उत्तर कोकणात भाऊंचे नाव हे केवळ उदगीरच्या किंवा पानिपतच्या सेनापतीचे नाव नव्हते. ते १७३९ साली वसई घेणाऱ्या चिमाजीअप्पांच्या मुलाचे नाव होते. साष्टी नुकतीच इंग्रजांच्या घशात गेली असता चिमाजीअप्पांचा मुलगा परत आला, या वार्तेला या किनाऱ्यावर जो अर्थ होता तो देशावर नव्हता. माझ्या मते तोतयाला मिळालेला पाठिंबा हा विश्वासापेक्षा कौलासारखा अधिक होता; आणि तो कौल भाऊंच्या बाजूने जितका, तितकाच पुण्यातील कारभाऱ्यांच्या विरुद्ध होता.

आता पेणकडे वळू. भाऊसाहेबांच्या द्वितीय पत्नी पार्वतीबाई या पेणच्या कोल्हटकरांच्या कन्या. भोगावतीच्या काठचे हे गाव आज गणपतीच्या मूर्तींसाठी घरोघरी ठाऊक आहे. पेशवाईत ते खाडीवरचे बंदर आणि घाटाकडे जाणाऱ्या वाटेवरची बाजारपेठ होते. मीठ आणि भात येथून वर जाई. दक्षिणेकडून महाड, माणगाव, नागोठणे या पट्ट्याने येऊन खोपोलीकडे वळणाऱ्या कोणत्याही फौजेला हा टापू टाळता येत नाही. म्हणजे भाऊसाहेब म्हणविणारा माणूस ज्या मुलखातून पुण्याकडे सरकत होता, त्याच मुलखात भाऊसाहेबांची सासुरवाडी होती. या योगायोगाकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. परंतु ओळखीचा प्रश्न जेथे मुख्य, तेथे सोयरिकीचा भूगोल हाही एक पुरावाच होय. मोठ्या घरची माणसे सामान्य रयतेने कधी जवळून पाहिलेली नसत. त्यांचे चेहरे ज्यांना ठाऊक असत ते म्हणजे भाऊबंद, सोयरे, आश्रित आणि नोकर. तोतयाला किल्ले मिळाले, शिबंदी मिळाली. पण ज्यांच्या ओळखीला खरे मोल होते त्यांपैकी कोणा निकटच्या आप्ताने त्याला उघडपणे आपला म्हटले नाही.

आणि यांत सर्वांत जवळची जी व्यक्ती, ती पार्वतीबाई. पती गेल्याचे त्यांनी कधी मान्य केले नाही. पानिपतानंतर त्या सौभाग्यचिन्हे धारण करूनच राहिल्या. सर्व महाराष्ट्रात या माणसाला भाऊ मानण्याची इच्छा कोणाला असेल तर ती त्यांनाच असणार. तरीही त्यांनी त्याला जाहीरपणे पती म्हणून स्वीकारले नाही. नाटककारांना व कादंबरीकारांना या ठिकाणी पुष्कळ सुचते. अभ्यासकाने मात्र येथे पाऊल जपून टाकावे. त्यांच्या मनात काय होते हे सांगणारा त्यांच्या हातचा कागद आपल्यापुढे नाही. जे दिसते ते एवढेच, की आशा आणि ओळख या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. पती जिवंत आहे असे मानणारी स्त्री, समोर आलेला माणूस तो नव्हे असेही मानू शकते. या दोन समजुतींत विरोध नाही.

येथे क्षणभर आडवळणाला जावेसे वाटते. मेलेला राजपुत्र दुसऱ्या रूपाने परत येतो, ही कल्पना जगभर आढळते, आणि अगदी आपल्या काळातही ती नवी होऊन अवतरते. ‘सेलर मून’ ही नाओको ताकेउची यांची जपानी चित्रकथा व तिच्यावरून १९९२ साली निघालेली चलच्चित्रमालिका आपले विद्यार्थी जाणतात. तिच्यातील मुखवटाधारी नायक मामोरू हा पूर्वजन्मी पृथ्वीचा राजपुत्र एंडिमिअन असतो. लहानपणीच्या अपघातात त्याचे आईबाप जातात आणि आठवणही जाते. मुखवटा चढवून तो नायिकेच्या मदतीला धावतो, पण आपण कोण हे प्रथम त्याचे त्यालाच ठाऊक नसते. पुढे पूर्वस्मृती जागी होते व दोघे एकमेकांना ओळखतात. येथे ओळख अंतःकरणातून येते. तिला साक्षीदार लागत नाहीत. तोतयाचे प्रकरण म्हणजे या कथेची उलटी बाजू होय. येथे मुखवटा घालणाऱ्याला आपण कोण हे पक्के ठाऊक आहे. आठवण जागी करावयाची आहे ती इतरांची. कथेतील नायक स्वतःची स्मृती शोधतो, तर तोतया दुसऱ्यांच्या स्मृतीवर जगतो.

मराठीत या संबंधात तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. मुखवटा हा लबाडीचा शब्द नव्हे. कोकणातील अनेक ग्रामदेवतांच्या पालख्यांत देवाची रूपे म्हणून जे बसविलेले असते ते धातूचे मुखवटेच असतात, आणि गावकऱ्यांच्या दृष्टीने पालखीत साक्षात देव बसलेला असतो. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीला सशस्त्र पोलिसांची मानवंदना मिळते. शासनसंस्था ग्रामदैवताला सलामी देते यात कोणाला विसंगती वाटत नाही. सोंग म्हणजे शिमग्यात आणतात ते. पाहणाऱ्याला व आणणाऱ्याला दोघांनाही ते सोंग असल्याचे ठाऊक असते, आणि रात्र संपली की ते उतरते. तोतया मात्र ज्याला उतरवता येत नाही असे सोंग आणतो. १७७६ साली कोकणातील पुष्कळांनी या माणसाकडे पहिल्या दोन अर्थांच्या मधोमध कोठेतरी पाहिले असावे, असा माझा तर्क आहे. हाडामांसाने तो कोणीही असो, त्याच्या मुखवट्याआड भाऊंचे नाव होते, आणि सलामी त्या नावाला होती.

बंडाचा शेवट वेगाने झाला. बोरघाटाजवळ राजमाचीच्या परिसरात बोलाचालीच्या मिषाने त्याला गाफील ठेवून पुणे दरबारच्या फौजांनी त्याच्यावर छापा घातला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी ही मोहीम चालविली. जमलेले लोक जसे आले तसे पांगले. तोतया घाटाखाली पळाला, आणि मुंबईत आश्रय मिळेल या आशेने समुद्रावर गेला. पण मुंबईच्या वाटेवर कुलाबा होता व कुलाब्यावर रघोजी आंग्रे होते.

आंग्र्यांची भूमिका येथे निर्णायक ठरली, म्हणून तिचा थोडा विचार केला पाहिजे. १७१४ च्या तहाने कान्होजींकडे जे किल्ले निश्चित झाले त्यांत रोह्याजवळचा अवचितगड होता. कुंडलिकेची खाडी रोह्यापाशून चौल-रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्या उत्तर अंगाला जंगलाने वेढलेला हा गड उभा आहे. अवचितगड ते कुलाबा हा मुलूख आंग्र्यांच्या घरचा. त्याच्या दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी, उत्तरेस मुंबईकर इंग्रज. पेशव्यांशी आंग्र्यांचे संबंध सदैव गोडीचे होते असे कोणी म्हणणार नाही. तुळाजी आंग्र्यांचे आरमार १७५६ साली पेशवे व इंग्रज यांनी मिळून बुडविले, ही आठवण वीसच वर्षांपूर्वीची होती. रघोजींना तोतयाला आश्रय देऊन पुण्याशी जुना हिशेब चुकता करता आला असता. त्यांनी त्याला धरले आणि पुण्याच्या स्वाधीन केले. यात निष्ठा किती व व्यवहार किती याचा निवाडा करणे कठीण असले, तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. पळणारा भाऊ सांभाळण्यात लाभ नव्हता. बोरघाटाखाली हरल्याबरोबर तोतयाचे नावही हरले होते.

पुण्यात त्याची पुन्हा चौकशी झाली. यावेळी ती गुपचूप न होता नामांकित माणसांच्या पंचायतीपुढे झाली, आणि रामशास्त्री प्रभुणे यांच्यासारखा न्यायाधीश त्या कामी होता. बंडाचे पारिपत्य तलवारीने झाले होतेच. तरीही दरबाराला न्यायसभेची गरज वाटली, हे या प्रकरणातील सर्वांत बोलके अंग मला वाटते. नाना फडणिसांचे स्थान येथे विलक्षण आहे. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते स्वतः पानिपतावर होते व भाऊंना अखेरच्या दिवशी त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्या आत्मवृत्तात त्या दिवसाची हकीकत आहे. म्हणजे भाऊंना ओळखण्यास त्यांच्याइतका लायक साक्षीदार क्वचितच मिळाला असता. आणि भाऊ खरे ठरले असते तर ज्याची सत्ता प्रथम संपली असती, तेही नानाच होते. सर्वांत जाणता साक्षीदार आणि सर्वांत स्वार्थ गुंतलेला पक्षकार एकाच माणसात एकवटले होते. नानांचा शब्द पुरेसा होण्यासारखा नव्हता, तो खोटा होता म्हणून नव्हे, तर तो त्यांचा होता म्हणून. रामशास्त्र्यांची उपस्थिती याच कारणाने अवश्य होती. नारायणरावांच्या खुनाचा दोष तोंडावर सांगून रघुनाथरावांचे पुणे सोडणाऱ्या या माणसाने दिलेला निर्णय विकत घेतलेला आहे, असे कोणी म्हणू शकले नसते.

निर्णय झाला आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा देण्यात आली. ग्रांट डफ हत्तीच्या पायी दिल्याचे सांगतो. मेखसूने मारल्याचाही उल्लेख मिळतो.

अशी प्रकरणे अन्यत्रही झाली आहेत. १५७८ साली मोरोक्कोतील लढाईत पोर्तुगालचा राजा सेबास्तियन नाहीसा झाला, आणि पुढे त्याचे एकामागून एक तोतये निघाले. तेथेही गादीचा वारस नव्हता व देश परक्या राजाच्या हाती गेला होता. रशियात १६०५ साली खोटा दिमित्री प्रत्यक्ष सिंहासनावर बसला. पण आपल्याला अधिक उपयोगी तुलना बंगालमधील भवाल संन्याशाची आहे. भवालचा मधला कुमार १९०९ साली दार्जिलिंगला वारल्याचे जाहीर झाले. १९२१ साली एक संन्यासी डाक्क्यास आला व तोच कुमार म्हणून उभा राहिला. दिवाणी दाव्याचा अंतिम निकाल १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने त्याच्या बाजूने दिला. तेथे बहिणीने त्याला ओळखले, पत्नीने मात्र अखेरपर्यंत नाकारले. न्यायालयाने शरीरावरील खुणा आणि शेकडो साक्षी तपासल्या व पत्नीच्या नकाराला निर्णायक मानले नाही. एवढ्यावरून असा निष्कर्ष काढता येत नाही की पार्वतीबाईंच्या मौनालाही अर्थ नाही. पण आप्तांचा स्वीकार किंवा नकार हा नेहमी हितसंबंधांच्या जाळ्यातून येतो, हे त्यावरून शिकता येते. तोतयाच्या बाजूने विचार करणाऱ्याने पार्वतीबाई शनिवारवाड्याच्या आश्रयाने राहत होत्या हे सांगितल्यास त्याला उत्तर असावे लागते. माझे उत्तर हे की, त्यांनी दरबाराची सोय पाहिली असती तर पतिनिधन मान्य करून वैधव्य पत्करले असते. त्यांनी तेही केले नाही.

त्यामुळे १७७६ नंतरही पुण्याच्या वाड्यात एक चमत्कारिक स्थिती कायम राहिली. दरबाराने पंचांसमोर सिद्ध केले होते की भाऊ म्हणविणारा माणूस भाऊ नव्हता. पण भाऊ मेले, हे वाड्यातील एका व्यक्तीने मानले नव्हते, आणि तिच्या हयातीत तिच्यावर ते कोणी लादले नाही. तोतयाच्या मृत्यूनंतर सुमारे सात वर्षांनी, १७८३ साली, पेणच्या कोल्हटकरांची ही कन्या वारली. तेव्हाच, पानिपतानंतर बावीस वर्षांनी, पतिपत्नी दोघांचे उत्तरकार्य एकत्र करण्यात आले.